आगोटीच्या दिवसांतली पत्रे

चिपळूण, मे अखेर

तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल सायंकाळी मावशीकडे सुखरूप पोहोचलो. आगोट तोंडावर आल्याने घरात बेगमीची एकच धांदल उडाली आहे. कौले चाळायला गडी वर चढले आहेत, आमसुलांच्या बरण्यांवर दादरे बांधले जात आहेत आणि पडवीत सरपण छातीएवढे रचले गेले आहे. चार महिन्यांच्या पोटाची तरतूद कोकणी माणूस ज्या दक्षतेने करतो ती पाहून कौतुक वाटते खरे. परंतु हीच दूरदृष्टी जिवाच्या बाबतीत इतकी वर्षे कोठे रजेवर गेली होती, असाही प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ती परत आली 22 जुलै 2021 नंतर.

त्या दिवशी सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस वाशिष्ठीतून खाली येत असताना खाडीला भरती होती, आणि भरतीच्या वेळी नदीला उतरायला वाटच नसल्याने सारे पाणी बाजारपेठेत शिरले. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्यांनी त्याच खुणेच्या हिशेबाने सामान वर ठेवले होते. नव्या पाण्याने तो हिशेब मोडीत काढला. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा दोन्ही वेळा पाण्यात गेली. एस. टी.च्या आगारव्यवस्थापकांनी सुमारे नऊ लाखांची रोकड उराशी धरून बुडालेल्या गाडीच्या टपावर नऊ तास काढले, ही हकीकत येथे अजून अभिमानाने सांगतात. त्यांच्या इमानाबद्दल दुमत नाही. पण एका कारकुनी थैलीसाठी माणसाला टपावर बसावे लागते, यात मला अभिमानापेक्षा चौकशीचा विषय अधिक दिसतो. रोकड संध्याकाळीच उंचावरच्या तिजोरीत जावी, एवढा साधा हुकूम शौर्यापेक्षा स्वस्त पडतो.

मावशीने घराला रंग दिला तेव्हा दिवाणखान्यातील पाण्याची रेघ मुद्दाम पुसू दिली नाही. ती माझ्या खांद्याच्या वर येते. माळ्याची शिडी पूर्वी गोठ्यात असे, ती आता माजघरातच भिंतीला टेकलेली असते आणि आंबे उतरवायलासुद्धा कोणाला नेऊ देत नाहीत. माळ्यावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात मेणकापडात गुंडाळलेले सातबाराचे उतारे, शिधापत्रिका, बँकेची पुस्तके, मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, काड्यांची पेटी आणि विजेरी आहे. विजेरीचे सेल बाहेर काढून निराळे ठेवले आहेत, कारण आत राहिले तर ते पाझरतात. हा शोध कोणा तज्ज्ञाचा नसून खुद्द मावशीचा आहे.

कळावे, लोभ असावा.

रत्नागिरी, जूनचा पहिला आठवडा

तीर्थस्वरूप दादांस सा. न. वि. वि.

येथे येऊन मिरकरवाडा बंदरावर गेलो नाही असे होणे शक्य नव्हते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी कायद्याने बंद असल्याने होड्या शाकारून ठेवल्या आहेत आणि खलाशी जाळी विणीत बसले आहेत. एका वयस्क तांडेलापाशी बराच वेळ बसलो. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की होडी बाहेर काढायची नाही, हा नियम त्याला पंचांगाइतका पाठ आहे. पण नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळाचा विषय निघताच त्याचा हात जाळीवर थांबला. पावसाळा सरला, नारळी पौर्णिमेचा नारळ कधीच दर्याला वाहून झाला, आता आभाळ आपले, अशा समजुतीने रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या नौका खोल पाण्यात गेलेल्या असताना ते वादळ आले, आणि कित्येक खलाशी परतले नाहीत. बावटा किनाऱ्यावर लागतो. खोल पाण्यातल्या होडीला तो दिसत नाही, तेथे बिनतारी संदेशच पोहोचावा लागतो. तांडेल म्हणाला, "जाकिटं आता सगळ्यांकडे हायत, पण पोरं उशाला घेऊन झोपतात, अंगात कोण घालतो?" यावर मजजवळ उत्तर नव्हते, आपल्याकडेही शिरस्त्राण दुचाकीच्या आरशाला टांगलेलेच असते.

गणपतीपुळ्यास दर्शन घेतले. समुद्रात उतरलो नाही. तेथील किनारा एकाएकी खोल होतो आणि परतणारी लाट पायांखालची वाळू ओढून नेते. फलक लावलेला असूनही मंडळी त्यालाच टेकून छायाचित्रे काढीत होती.

पावस

तीर्थस्वरूप दादांस नमस्कार.

ज्या घरी उतरलो आहे तेथील गृहिणी सरपण उचलण्यापूर्वी काठीने दोनदा बडवतात, मग हात घालतात. येथल्या कातळात फुरसे फार. वीतभर-हातभर लांबीचे हे जनावर पळून न जाता अंगाचे वेटोळे घासून खसखस करीत बसते, आणि त्याच्या विषाने रक्त गोठेनासे होते. डॉक्टर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते वाहू लागले तर विष भिनले असे समजून लस देतात. तेव्हा घरच्यांचे काम एवढेच, की दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, चावलेला अवयव हलू न देता 108 ला दूरध्वनी करून माणसाला इस्पितळात न्यावे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ हीच खरी हानी.

आता घरची विनंती. वहिनींची औषधे कोणती व किती, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्याची एक प्रत आपल्या पाकिटात व एक शेजाऱ्यांकडे ठेवावी. दाराची दुसरी किल्लीही त्यांच्याचकडे द्यावी. गॅसची रबरी नळी मागच्या दिवाळीलाच बदलायची राहिली होती. ती मी येण्याची वाट न पाहता बदलून घ्यावी. गुरुवारच्या गाडीने निघतो. पावसाळी वेळापत्रक लागू झाले असल्यास गाडी सावकाश येईल, त्यामुळे स्थानकावर कोणास पाठवू नये.

आपला आज्ञाधारक बंधू