टक्क्याची बाकी

हॉस्टेलवर आल्यावर पहिला धक्का बसला मेसच्या आमटीचा आणि दुसरा टक्क्याच्या चिन्हाचा. बारावीपर्यंत मला टक्का एकच माहीत होता, निकालाचा. शेजारचे काका पेढा तोंडात टाकता टाकताच "किती टक्के?" विचारायचे. इथे 'सी'च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी फळ्यावर १७ % ५ लिहिलं. मी ताडकन उठून "सर, पाचाचे सतरा टक्के..." असं काहीतरी बडबडलो. उत्तर होतं २. 'सी'त % म्हणजे भागाकारानंतर उरलेली बाकी! अख्खी बॅच हसली.

मग ईर्षेने या चिन्हाच्या मागेच लागलो. हे मूळचं इटलीचं. तिथे 'पेर चेंतो' म्हणजे शंभरामागे. लिहिता लिहिता त्याचं झालं पी, सी आणि डोक्यावर छोटंसं गोल. १४२५ च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात हे रूप सापडतं. १६५० च्या आसपास आडव्या रेघेच्या वर-खाली दोन गोल दिसू लागले. पुढे 'पेर' गळालं, रेघ तिरकी झाली. आपण लेक्चरला नोट्स घेतो, तसंच!

'प्रिंटएफ'मध्ये हेच चिन्ह 'इथे आकडा येणार' असं सांगतं, म्हणून खराखुरा टक्का छापायचा तर %% असं दोनदा लिहावं लागतं. 'एसक्यूएल'च्या 'लाइक'मध्ये तर % म्हणजे 'काहीही चालेल'!

दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं, अण्णांनी माझ्या फीसाठी गावातल्या एकाकडून वीस हजार घेतलेत, शेकडा तीनने. मी म्हटलं, "तीनच टक्के? बँकेपेक्षा स्वस्त की!"

अण्णा जेवता जेवता थांबले. "अरे, महिन्याला."

परत आल्यावर असाइनमेंट होती सरळव्याजाची. सगळ्यांनी पुस्तकातले आकडे घातले, मी अण्णांचे. स्क्रीनवर आलं : ३६%, वर्षाचं व्याज ७,२०० रुपये. मुद्दल जागच्या जागी. %% दोनदा लिहायला मात्र या वेळी विसरलो नव्हतो. प्रोग्राम बरोबर होता, म्हणूनच रात्री झोप लागली नाही.

पुढच्या वर्षीच्या फीसाठी मी स्वतः बँकेत शैक्षणिक कर्जाचा फॉर्म भरायला गेलो. व्याजदराच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "साहेब, हे महिन्याला की वर्षाला?"

साहेब हसले. बॅच हसली होती तसेच. पण या वेळी मला वाईट वाटलं नाही.