442702

10 मे
सकाळी तेंदूपानांच्या फळीवर गेलो. शेजारच्या वहिनींचे पुडे मोजून द्यायचे होते. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत 70,000 तेंदूपाने, आणि त्यातले प्रत्येक पान कुणीतरी हाताने खुडलेले. पुडे बांधून बांधून वहिनींच्या बोटाला घट्टा पडला आहे.
70,000 च्या अंकांची बेरीज 7, आणि 7 ने त्याला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी 'हर्षद' म्हटले. गोणी हर्षद निघाली, याचा दिवसभर आनंद वाटला.

11 मे
नुसते ऊन.

12 मे
नातीची पुस्तके टपालाने आली. पाकिटावर गोंडपिपरी, 442702. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. 44 म्हटले की विदर्भ, शेवटचे तीन अंक डाकघराचे. हाच आकडा चार लाख बेचाळीस हजार सातशे दोन असा वाचला, तर गाव पुसले जाते आणि नुसती संख्या उरते.
रात्री अवयव पाडले: 2 × 13 × 17027. शेवटच्याने तासभर खाल्ला. 127 पर्यंतची एकेक मूळ संख्या लावून पाहिली. पुढच्या 131 चा वर्गच 17161 होतो, तिथे थांबलो. 17027 मूळ आहे. आपली संख्या मात्र हर्षद नाही. अंकांची बेरीज 19, भागले की 2 उरतात. थोडे वाईट वाटले.

13 मे
पहाटे कापरेकरांच्या स्वयंभू संख्या आठवल्या. 15 मध्ये त्याचेच अंक मिळवा, 1 आणि 5, की 21 येतात. म्हणून 15 हा 21 चा जनक. 20 ला असा जनकच नाही, ती स्वयंभू. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता मास्तरांनी हे सारे शोधले. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी लिहिले तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख झाली. इतका उशीर व्हायला नको होता.
442702 चा जनक शोधायला बसलो. नवाने भागून बाकी पाहिली तर उमेदवार सहाच उरतात. 442670 पासून 442693 होते. त्याच्या पुढच्या उमेदवारापासून, 442679 पासून, एकदम 442711. मधली आमची संख्या कुणाच्याच हाती लागत नाही. उरलेले चारही तपासले, एकही नाही. स्वयंभू!
नात म्हणाली, "आबा, म्हणजे याला कोनीच बनवलं नाई?"
"नाही. दहातली जेमतेम एक संख्या अशी असते."
"मग बल्लारपूरचा?"
442701. वही तिच्याकडे सरकवली. जेवायला हाक आली तरी उठली नाही. अर्ध्या तासाने पान माझ्यासमोर धरले: 442674 अधिक 27.