न वाचता आलेला ग्रंथ

चौदाव्या शतकात इटलीमध्ये पेत्रार्क नावाचा एक थोर कवी होऊन गेला. त्याच्या संग्रही अनेक दुर्मीळ हस्तलिखिते होती. त्यांपैकी एक मात्र त्याला अखेरपर्यंत वाचता आले नाही. ते होते ग्रीक महाकवी होमर याच्या काव्याचे हस्तलिखित. कॉन्स्टँटिनोपलच्या राजदरबारातील निकोलस सिगेरोस या दूताने ते त्याला भेट म्हणून पाठविले होते. इ. स. १३५४ मध्ये पेत्रार्कने त्याला आभाराचे पत्र लिहिले. त्या पत्रात आनंद आहे आणि तितकीच खंतही आहे. ज्याची आयुष्यभर ओढ होती तो कवी घरी आला. पण त्याची भाषा यजमानाला कळत नाही. रोमचा कॅटो उतारवयात ग्रीक शिकला होता, याची आठवण पेत्रार्कने त्याच पत्रात काढली आहे. त्या वेळी तो स्वतः पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता.

चौदाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतच्या युरोपातील कालखंडाला मराठीत प्रबोधनकाल असे म्हणतात. प्राचीन ग्रीक आणि रोमन विद्या-कलांचे पुनरुज्जीवन हे या काळाचे मुख्य लक्षण होय. या काळाचे नाव काढताच भव्य घुमट, संगमरवरी पुतळे आणि भिंतींवरील चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु या वैभवाच्या मुळाशी एक अगदी साधी अडचण होती. ग्रंथ होते; ते वाचणारे नव्हते.

मध्ययुग म्हणजे निव्वळ अंधार, ही समजूत खरी नव्हे. युरोपातील मठांमधून भिक्षूंनी लॅटिन ग्रंथांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. ग्रीकांचे विज्ञान आणि तत्त्वज्ञान अरब विद्वानांनी आपल्या भाषेत आणले, त्यावर भाष्ये लिहिली आणि त्यात मोलाची भर घातली. स्पेनमधील टोलेडो शहरात क्रेमोनाच्या जेरार्डने टॉलेमीच्या ज्योतिषविषयक ग्रंथाचे ११७५ च्या सुमारास लॅटिन भाषांतर केले, तेही अरबीवरून. इकडे कॉन्स्टँटिनोपलच्या शाळांमध्ये तर मुले होमर अखंडपणे वाचत होती. म्हणजे प्राचीन विद्या मेलेली नव्हती. पश्चिम युरोपला ती दुरावली होती, कारण ग्रीक भाषा तेथून जवळजवळ लोपली होती. होमरचे नाव सर्वांना ठाऊक होते. त्याच्या ओळी मात्र कोणालाच येत नव्हत्या.

पेत्रार्कने आपल्या परीने पुष्कळ धडपड केली. तो जेथे जाई तेथे मठांमधील आणि चर्चमधील जुने ग्रंथ धुंडाळी. १३३३ मध्ये लीएज या गावी त्याला रोमन वक्ता सिसेरो याचे एक विस्मृतीत गेलेले भाषण सापडले. ते उतरवून घेण्यासाठी त्या गावात धड शाईही मिळेना. जी मिळाली ती केशरासारखी पिवळी होती, अशी गमतीदार आठवण त्याने नोंदवून ठेवली आहे. पुढे १३४५ मध्ये व्हेरोना येथील ग्रंथालयात त्याला सिसेरोची खासगी पत्रे सापडली. तीही त्याने स्वहस्ते उतरवून घेतली. लॅटिन त्याची स्वतःचीच विद्या होती. तेथे शाई आणि चिकाटी एवढे भांडवल पुरेसे होते. ग्रीकच्या बाबतीत ते पुरेना. बार्लाम नावाच्या विद्वान भिक्षूकडे त्याने ग्रीकचे धडे घ्यायला आरंभ केला. पण बार्लाम बिशप होऊन दूर गेला आणि शिकणे अर्ध्यावरच राहिले.

त्याचा मित्र बोकाचो याने १३६० मध्ये लेओन्झिओ पिलातो या ग्रीक जाणणाऱ्या माणसाला फ्लॉरेन्सला आणविले आणि त्याच्याकडून होमरचे लॅटिन गद्यात भाषांतर करवून घेतले. ते शब्दाला शब्द ठेवून केलेले होते. त्यात काव्य फारसे उरले नव्हते. तरीही पेत्रार्कने त्याची प्रत करवून घेतली आणि ती समासांत टिपणे लिहीत मन लावून वाचली. ती प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही जपलेली आहे. होमरची कथा त्याला अशी कळली, वाणी मात्र कळली नाही. १३७४ मध्ये तो निवर्तला.

त्याची आस मात्र त्याच्याबरोबर संपली नाही. फ्लॉरेन्स नगरराज्याचा मुख्य सचिव कोलुच्चो सालुताती हा पेत्रार्कला मानणारा विद्वान होता. नुसते ग्रंथ जमवून भागणार नाही, शिकविणारा माणूस हवा, हे त्याने ओळखले. त्याच्या खटपटीमुळे फ्लॉरेन्सने मॅन्युएल क्रिसोलोरस या कॉन्स्टँटिनोपलच्या विद्वानाला १३९६ मध्ये वेतन देऊन पाचारण केले. १३९७ च्या आरंभी तो येऊन दाखल झाला. त्याआधी कॉन्स्टँटिनोपलला गेलेल्या आपल्या एका तरुण मित्राला सालुतातीने ग्रंथांची यादी कळविली होती. प्लेटो, प्लुटार्क, शब्दकोश, जे मिळेल ते घेऊन ये, असे त्याने कळविले. आणि होमर मात्र चर्मपत्रावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आण, असे मुद्दाम बजावले. त्या वेळी त्याचे वय पासष्टच्या घरात होते. त्या वयात नव्या लिपीचा अभ्यास करू पाहणाऱ्या माणसाची सारी उत्सुकता या ‘मोठ्या अक्षरां’च्या मागणीत दिसते. सालुतातीला पुढे ग्रीक फारसे आले नाही. परंतु ज्यांना ते येणार होते त्यांच्यासाठी दार त्यानेच उघडले.

क्रिसोलोरस फ्लॉरेन्समध्ये जेमतेम तीन वर्षे राहिला. एवढ्या अल्प काळात त्याच्या हातून जे घडले, त्याचे रहस्य त्याच्या अध्यापनात आहे. त्याने ग्रीक व्याकरणाचे एक लहानसे पुस्तक तयार केले. प्रश्न आणि उत्तरे अशी त्याची मांडणी होती आणि त्याचे नावही ‘प्रश्न’ याच अर्थाचे होते. परंपरागत व्याकरणात नामे चालविण्याचे छप्पन्न प्रकार सांगितलेले असत. क्रिसोलोरसने त्यांची दहा गटांत सुटसुटीत मांडणी केली. ज्यांना ही भाषा बालपणापासून कानावर पडत होती, त्यांना छप्पन्न प्रकारांचे ओझे कदाचित झेपले असते. वयात आलेल्या परक्या विद्यार्थ्याला ते झेपणारे नव्हते, हे या शिक्षकाने जाणले. भाषांतर करताना शब्दाला शब्द न ठेवता आशय आणावा, असेही तो शिष्यांना सांगत असे. युरोपच्या इतिहासातील एका मोठ्या परिवर्तनाच्या मुळाशी एक सोपे पाठ्यपुस्तक आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

त्याच्या शिष्यांत लिओनार्दो ब्रूनी हा तरुण होता. तो त्या वेळी कायद्याचे शिक्षण घेत होता. कायद्यात मान होता आणि धनही होते. ग्रीक शिकून पोट भरेल की नाही, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. ब्रूनीने या द्विधा अवस्थेचे वर्णन पुढे आपल्या आठवणींत केले आहे. कायदा शिकविणारे गावोगाव आहेत आणि ते उद्याही भेटतील. ग्रीक शिकविणारा हा एकच आहे आणि तो गेला तर पुन्हा कोण भेटणार, असा विचार करून त्याने कायदा सोडला. दिवसभर शिकलेले धडे त्याच्या मनात झोपेतही घोळत असत. पुढे त्याने प्लेटो, ॲरिस्टॉटल आणि प्लुटार्क यांचे ग्रंथ सुबोध लॅटिनमध्ये आणले, फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिला आणि एके काळी सालुतातीने भूषविलेले मुख्य सचिवाचे पदही भूषविले. सांता क्रोचे चर्चमधील त्याच्या समाधीवर त्याची निद्रिस्त मूर्ती आहे. तिच्या छातीवर एक ग्रंथ ठेवलेला आहे.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले, तेथील विद्वान ग्रंथ घेऊन इटलीत आले आणि प्रबोधनास प्रारंभ झाला, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. विद्वान आले हे खरे. कार्डिनल बेसारिऑनने तर सातशेहून अधिक हस्तलिखितांचा आपला संग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला अर्पण केला. परंतु त्यांचे स्वागत करू शकणारे वाचक इटलीत त्याआधीच तयार झाले होते. छपाईची कला आल्यावर या कार्याला वेग आला. संपूर्णपणे ग्रीक भाषेत छापलेले पहिले दिनांकित पुस्तक १४७६ मध्ये मिलान येथे निघाले. ते व्याकरणाचे होते. होमरची काव्ये १४८८ मध्ये फ्लॉरेन्समध्ये मूळ भाषेत छापली गेली. व्हेनिसचा आल्दुस मानुतियुस हा मुळात शिक्षक. मुद्रणालय काढल्यावर १४९५ मध्ये त्याने छापलेले पहिले दिनांकित पुस्तक हेही ग्रीक व्याकरणच होते. ॲरिस्टॉटलचे खंड त्यानंतर आले.

या विद्येची दारे सर्वांना सारखी खुली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. ती बहुतांशी संपन्न घरांतील पुरुषांची मिरास होती. व्हेनिसच्या कासांद्रा फेदेले हिने लॅटिन आणि ग्रीक या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. १४८७ मध्ये पादुआ येथे तिने विद्वानांच्या सभेत भाषण केले. लग्नानंतर मात्र तिचे विद्याजीवन खंडित झाले आणि पुढे अनेक दशके तिचे नाव मागे पडले. १५५६ मध्ये पोलंडची राणी व्हेनिसला आली, तेव्हा स्वागताचे भाषण करण्यासाठी पुन्हा तिलाच बोलाविण्यात आले. त्या वेळी तिने नव्वदी ओलांडली होती.

कलेच्या क्षेत्रातही हेच घडले. रोममधील प्राचीन वास्तूंचे अवशेष शतकानुशतके लोकांच्या डोळ्यांसमोर होते. लोक त्यांतील दगड काढून नेत. ब्रुनेलेस्कीने रोमला जाऊन त्या अवशेषांची मोजमापे घेतली, असे त्याचा चरित्रकार सांगतो. इमारतही वाचावी लागते. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चवरचा घुमट त्याने १४२० ते १४३६ या काळात उभारला, तो मात्र रोमची नक्कल करून नव्हे. रोमच्या पँथिऑनचा घुमट काँक्रीटचा आणि गोलाकार. ब्रुनेलेस्कीचा विटांचा, अष्टकोनी आणि दुहेरी कवचाचा. प्राचीनांकडून शिकून त्याने स्वतःची रीत शोधली. पुनरुज्जीवन ते यालाच म्हणावे.

व्हॅटिकनमध्ये १५०९ ते १५११ या काळात राफाएलने ‘अथेन्सची पाठशाळा’ हे प्रसिद्ध भित्तिचित्र रंगविले. भव्य कमानींखाली मध्यभागी प्लेटो आणि ॲरिस्टॉटल उभे आहेत. पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम त्यांच्यावरच खिळते. परंतु चित्राच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक वेगळेच दृश्य आहे. एक टक्कल पडलेला शिक्षक जमिनीवर ठेवलेल्या पाटीवर ओणवा होऊन कंपासने आकृती काढतो आहे. भोवती चार तरुण विद्यार्थी आहेत. एक वाकून आकृती निरखतो आहे, एकाला नुकताच उलगडा झालेला दिसतो, तर एक मागे वळून सोबत्याला काही सुचवितो आहे. पेत्रार्कच्या ग्रंथालयात होमर होता; त्याच्याजवळ ही पाटी, हा शिक्षक आणि हे सोबती नव्हते.