चतुर्दशीची ओहोटी

महाराष्ट्रात तळेगाव नावाची गावे पुष्कळ आहेत. आमचे तळेगाव श्यामजी पंतांचे, वर्धा जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचे, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. येथून आर्वीकडे आणि आष्टीकडे रस्ते फुटतात. परिसरात संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तूर. समुद्र येथून सात-आठशे किलोमीटर दूर. एवढेच नव्हे, तर आमच्या शिवारात पडलेला पाऊस वर्धा नदीतून वैनगंगेला, तेथून प्राणहितेच्या रूपाने गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. म्हणजे कोकणच्या समुद्राशी आमचे पाण्याचेही नाते नाही. अशा गावातील नववीच्या छत्तीस विद्यार्थ्यांची सहल मागील मार्गशीर्षात सिंधुदुर्ग किनाऱ्यावर गेली. हिशेब सांभाळण्यासाठी एखादा निवृत्त, जाणता माणूस बरोबर असावा, असे मुख्याध्यापकांना वाटले आणि ते काम माझ्याकडे आले. माझा नातूही त्याच वर्गात असल्याने घरून आनंदाने परवानगी मिळाली.

ही परवानगी सर्वच घरांतून सहज मिळाली असे मात्र नाही. पालकसभेत दोन घटनांचा उल्लेख वारंवार झाला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणजवळच्या वायरी येथे बेळगावहून आलेल्या आठ जणांचा तसाच अंत झाला. ‘आमच्या लेकरांना पोहता येते ते विहिरीत आणि धरणाच्या कालव्यात, समुद्रात नव्हे,’ असे एक मातुश्री म्हणाल्या, तेव्हा सभेत कोणालाच उत्तर सुचले नाही. शेवटी सर्वांनी लेखी संमती दिली, परंतु ती देताना अनेकांचे हात थबकले, हे मी समोर बसून पाहिले.

वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने आम्ही निघालो. ही गाडी गोंदियाहून कोल्हापूरला जाते. विदर्भ, खानदेश, पुणे, सातारा, सांगली असा अर्धाअधिक महाराष्ट्र ती एका प्रवासात दाखवते. कोल्हापूरला मुक्काम झाला. पुढे राधानगरी, दाजीपूरचे अरण्य आणि फोंडा घाट उतरून एस.टी. कणकवलीकडे निघाली. घाटमाथ्यापर्यंत थंडी होती. खाली येताच हवा जड आणि ओलसर झाली, लाल माती, माड आणि उतरत्या कौलांची घरे दिसू लागली. दुपारी तारकर्लीला समुद्र दिसला, तेव्हा सारी बस क्षणभर गप्प झाली. मग एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, “सर, एवढं पानी हाये, अन् ह्याच्यावर वलीत नाई होत म्हन्ता?” सर्वजण हसले, पण ज्याच्या घरची संत्र्याची बाग उन्हाळ्यात टँकरवर जगते, त्याला हाच प्रश्न पडणार.

आमची राहण्याची व्यवस्था देवबाग येथे एका मासेमार कुटुंबाच्या घरी होती. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि टोकाला दोहोंचा संगम. यजमान पन्नाशीचे, घरची होडी असलेले. पर्यटनाच्या हंगामात ते प्रवाशांची ने-आण करतात, एरवी मासेमारी. आमच्यात सात मुले जैन कुटुंबांतील होती. त्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, हे आधी कळवले होते. तरीही मनात शंका होतीच. प्रत्यक्षात यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी नव्या कोऱ्या पातेल्यांत, अंगणात वेगळी चूल मांडून स्वयंपाक केला. नारळ घालून काळ्या वाटाण्यांची उसळ, घावणे, बिनलसणाची सोलकढी. साडेपाचला पाने मांडली गेली. मी भांड्यांचा खर्च विचारला, तर त्यांनी हातानेच ‘नको’ म्हटले. माझ्या हिशेबाच्या वहीत ‘भांडी’ या शीर्षकापुढे आजही शून्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्गासाठी आलो. होड्या नुकत्याच लागलेल्या होत्या. टोपल्या उतरत होत्या, बायका मोठ्याने बोली लावीत होत्या, लिलाव ऐन रंगात होता. नातवाने नाकाला रुमाल लावला आणि मित्राला म्हणाला, “सकाळी उठून एवढी हत्या. पापी लोक आहेत हे.” त्याचा आवाज लहान नव्हता. दोन पावलांवर आमचे यजमान दोर सोडवत उभे होते. त्यांनी मान वर केली, मुलाकडे पाहिले आणि पुन्हा दोर सोडवू लागले. मी ते ऐकले, पाहिले आणि काहीही बोललो नाही.

होडीने कुरटे बेटावर गेलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या दुर्गाची पायाभरणी केली. तटाच्या पायाचे दगड शिसे ओतून पक्के केलेले आहेत, आणि साडेतीन शतकांनंतरही लाटा त्यावर आपटून परत जातात. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात मुलांनी माथा टेकवला. पण त्यांना सर्वांत नवल वाटले ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींचे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याचे झरे! गड बांधण्यापूर्वी पाणी पाहिले गेले, हे आमच्या भागातील मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

दीडच्या सुमारास आम्ही देवबागला परतलो. जेवणे होताच मुले संगमाकडे धावली. पाणी शांत दिसत होते, लाटाही फारशा नव्हत्या. एका शिक्षकांनी गुडघाभर पाण्यात जाण्यास संमती दिलीच होती. तेवढ्यात यजमान धावत आले आणि आडवे झाले. “कोणी उतरायचे नाही,” त्यांनी निक्षून सांगितले. मुले हिरमुसली. तेव्हा त्यांनी विचारले, “आज तिथी कोणती, सांगा बघू.” छत्तीसांपैकी एकालाच ती ठाऊक होती. माझा नातू म्हणाला, “चतुर्दशी. आज आम्ही हिरवी भाजी खात नाही.”

“शाबास. आता चौदाची पाऊणपट कर.”

“साडेदहा.”

“साडेदहाला पुरी भरती. आमच्याकडे ती मुंबईपेक्षा थोडी आधीच येते. म्हणजे आता कितीतरी वेळ पाणी उतरतंय. उद्या पुनव, उधाणाचे दिवस. समुद्र ओढतोय आणि नदीही त्याच बाजूला चाललीय. वरून दिसत नाही, पायाखालची वाळू सांगते.” त्यांनी एक सुका नारळ संगमाच्या पाण्यात टाकला. आम्ही पाहत असतानाच तो खोल पाण्याकडे निघाला आणि थोड्याच वेळात ठिपक्याएवढा झाला. मुलांचे चेहरे उतरले. मला पालकसभेतील त्या मातुश्री आठवल्या.

तिथीची पाऊणपट हा हिशेब कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी काटकोनात असतात, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. तिला भांगाची भरती म्हणतात. आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते ती जिभेच्या संयमासाठी. त्यांच्या घरी त्याच तिथ्यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. पंचांग एकच. नातवाने ते एका क्षणात ओळखले, असे त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटले. नंतर यजमान आम्हाला खाडीच्या उथळ, सुरक्षित बाजूला घेऊन गेले. मुले पाण्यात खेळत होती तोवर ते कमरेएवढ्या पाण्यात, खोलीच्या बाजूला उभे राहिले. पाऊण तास ते तेथून हलले नाहीत.

त्या संध्याकाळी मी मुलांना अंगणात बसवून एक गोष्ट सांगितली. ती येथे लिहिणे मला आवश्यक वाटते.

१९८४ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका शाखेत अधिकारी होतो. आषाढात काही मच्छीमारांनी रापणीच्या जाळ्यासाठी एकत्रित कर्जाचा अर्ज केला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. एक होडी ते अर्धवर्तुळात टाकते आणि गावातील माणसे दोन्ही टोके ओढतात. जो दोर ओढतो त्याचा वाटा ठरलेला असतो. एकट्याच्या मालकीचा हा धंदा नव्हे. वाणिज्य शाखेच्या कोणत्याही पुस्तकात भागीदारीचे याहून चोख उदाहरण मला सापडलेले नाही. कागदपत्रे ठीक होती. पण माझ्या आजोबांनी श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने माझ्याकडून पाठ करून घेतली होती, आणि जाळ्यावर सही करताना माझा हात धजेना. मी व्यवस्थापकांना हे सरळ सांगून फाईल सहकाऱ्याकडे द्यायला हवी होती. त्याऐवजी ‘जामिनाचा तपशील अपुरा’ असा शेरा मारून तीन आठवडे ती खणात ठेवली. नारळी पौर्णिमा आली, हंगाम सुरू झाला. त्या लोकांनी एका व्यापाऱ्याकडून उचल घेतली. अट अशी की, मासळी त्यालाच आणि त्याच्याच भावाने द्यायची. पुढे ते कधी शाखेत आले नाहीत. मी मासा मारला नाही, हे खरे. पण खोटा शेरा लिहिला, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

“सकाळी धक्क्यावर मी गप्प राहिलो,” मी मुलांना म्हणालो, “कारण जे माझ्या नातवाने मोठ्याने म्हटले, तेच चाळीस वर्षांपूर्वी मी फाईलवर लिहिले होते.”

मासेमारी योग्य की अयोग्य, हा वाद मी मुलांपुढे मांडला नाही. आपले व्रत आपल्याला सोडायचे नाही. पण ते व्रत घेतले आहे आपण. दुसऱ्याला पापी ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. कटू वचनही हिंसेतच मोजले जाते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. फक्त ते कोणाला लागू आहे, याचा आपल्याला विसर पडतो. यजमानांनीही आपली बाजू सांगितली, तीही तक्रारीच्या सुरात नव्हे. १ जून ते ३१ जुलै हा काळ राज्यात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ज्या पावसाळ्यात आपले साधू-साध्वी जीवहिंसा टाळण्यासाठी एका गावी स्थिर राहतात, त्याच पावसाळ्यात या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली सरकारने निर्बंध घातले, ते रापणवाल्यांसारख्या पारंपरिक मच्छीमारांनी सातत्याने आवाज उठवल्यानंतरच. लहान पिलांपर्यंत सारे खरवडून नेणे त्यांनाही मान्य नाही.

पहाटे नातू एकटाच अंगणात गेला. यजमान जाळे झटकत होते. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही; उत्तर मात्र ऐकू आले. “जावंदे रे झिला. न्याहारी केलंस काय नाय?” आणि त्यांनी आईला हाक मारली.

परतीचा मार्ग रत्नागिरीवरून होता. महामार्गावर खारेपाटण लागले. येथे सापडलेला शिलाहार राजा अनंतदेवाचा ताम्रपट शके १०१६ चा आहे. भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या बंधूंच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चेऊल आणि नागपूर या बंदरांत जकात माफ केल्याची नोंद त्यात आहे. ‘नागपूर’ म्हणताच मुले ओरडली. ते आपले नागपूर नव्हे. अलिबागजवळचे नागाव असावे, असे अभ्यासक मानतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या शेठजींची गलबते कोणी हाकली असतील, भरतीची वेळ त्यांना कोणी सांगितली असेल, असे मी विचारले. नातवाने एका शब्दात उत्तर दिले : “दर्यावर्दींनी.”

ज्या खाडीकाठी माझी शाखा होती, ते गाव रस्त्यापासून आत होते. छत्तीस मुलांची बस एका माणसाच्या जुन्या खात्यासाठी वळवणे योग्य नव्हते. मी तसे सुचवलेही नाही.

मुलांना किनाऱ्यावर पाठवणाऱ्या कुटुंबांना अनुभवाने तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तिथी आणि भरती-ओहोटी पाहून दिवसाचा क्रम आखावा, आणि स्थानिक माणसाने ‘नको’ म्हटले की शिक्षकांसह सर्वांनी ऐकावे. होडीत जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणीही बसू नये. जेवणाचे नियम आधी, स्पष्ट आणि नम्रपणे कळवावेत. ते पाळले जातात. चौथी गोष्ट मुलांनाच निघण्यापूर्वी सांगावी : ज्याच्या घरी जेवायचे, त्याच्या धंद्याबद्दल तोंड सांभाळावे.

सहलीचा हिशेब पालकसभेत सादर झाला. उरलेली रक्कम प्रत्येकाला परत मिळाली. आमच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर नातू आता प्रत्येक तिथीपुढे पेन्सिलीने भरतीची वेळ लिहितो. आजी हसते, पण खोडत नाही. दर संवत्सरीला मी शे-दीडशे जणांना क्षमापनेचे पत्र पाठवतो. त्यात ग्राहक असतात, जुने सहकारी असतात, नातेवाईक असतात. त्या खाडीकाठच्या रापणवाल्यांना मात्र मी ते कधीच पाठवलेले नाही. त्यांची नावे मला अजून आठवतात. त्यांपैकी कोण हयात आहे, ठाऊक नाही. येत्या संवत्सरीपूर्वी मी तेथे जाऊन येणार आहे. नातू बरोबर येतो म्हणाला आहे.