भातुकलीतला मृत्यू

“अमेरिकेत येऊन बाहुल्यांची घरं काय बघायची गं?” गाडी चालवता चालवता मावसबहिणीने विचारलंच. आम्ही निघालो होतो बाल्टिमोरला. तेही मेरीलँडच्या चीफ मेडिकल एक्झामिनरच्या ऑफिसात! म्हणजे संशयास्पद मृत्यूंची पोस्टमॉर्टेम होतात तिथे. तिकीट काढून शिरावं असं हे म्युझियम नव्हे, परवानगी आधीच मागून ठेवली होती.

कारण सांगते. दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी रहस्यकथा साभार परत आली होती. संपादकबाईंनी समासात एकच प्रश्न लिहिला होता, ‘मरण्यापूर्वी ही बाई काय करत होती?’ मला उत्तर येईना. माझ्यासाठी ती फक्त डेडबॉडी होती.

इथे काचेमागे अठरा मृत्यू मांडलेत. एका फुटाला एक इंच, या मापात. खऱ्या केसेसवर बेतलेली ही घरं फ्रान्सिस ग्लेसनर ली या बाईंनी १९४०च्या दशकात करवून घेतली. जन्म १८७८चा, घर शिकागोतलं गडगंज श्रीमंत. भाऊ हार्वर्डला गेला, हिला मात्र कॉलेजची पायरी चढता आली नाही. पुढे त्याच हार्वर्डला तिने न्यायवैद्यक विभागासाठी पैसा दिला आणि १९४५पासून तिथे पोलिसांसाठी सेमिनार भरवले. बाहुल्यांचे मोजे ती टाचण्यांवर विणायची म्हणे!

त्या सेमिनारला पोलिसांसोबत एक लेखकही बसला होता. पेरी मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर. १९४९मधली एक कादंबरी त्याने या बाईंनाच अर्पण केली.

नियम सोपा होता. खोलीच्या कडेपासून सुरुवात करायची आणि गोल फिरत मध्याकडे यायचं. प्रेतावर झडप घालायची नाही. मी अर्थातच आधी प्रेताकडेच बघितलं! मग शहाण्यासारखी पुन्हा कडेपासून सुरुवात केली.

‘किचन’ नावाच्या घरापाशी मात्र पाय खिळले. बार्बरा बार्न्स जमिनीवर पडलीय. गॅस चालू, दारं आतून बंद. आत्महत्या, नाही का? पण सिंकमध्ये अर्धवट सोललेले बटाटे आहेत. जीव द्यायला निघालेली बाई रात्रीच्या जेवणाची तयारी करेल? की नवरा सांगतोय ते खोटं? “सांगा ना, काय झालं होतं?” मी विचारलं. सोबतच्या अधिकाऱ्यांनी हसून मान हलवली. या घरांवर अजूनही ट्रेनिंग होतं, त्यामुळे उत्तरं गुपितच.

मावसबहीण एव्हाना काचेला नाक लावून उभी होती. “अगं, आपल्या भातुकलीत कधी कोणी मेलं नव्हतं,” ती हळूच म्हणाली. खरंय. आणि इथे मेलेल्या बहुतेक बायका तुमच्याआमच्यासारख्याच. कुणाचा ओटा आवरायचा राहिलेला, कुणाचे कपडे वाळत घातलेले. श्रीमंत घरातल्या लीबाईंनी अशांच्या मृत्यूंसाठी एवढा जीव ओतला. घाईघाईने ‘आत्महत्या’ लिहून मोकळं होऊ नका, एवढंच त्या पोलिसांना शिकवत होत्या. लेखकांनीही ते ऐकावं.

परतीच्या वाटेवर गाडीतच वही काढली. माझ्या कथेतल्या बाईला आता नाव आहे. परातीत तिने भिजवलेली कणीक आहे, ओल्या फडक्याखाली झाकलेली. चार पोळ्यांची.

घरात माणसं मात्र तीनच. चौथी पोळी कुणासाठी, ते अजून मलाही सापडायचंय.