खानदेशचा उन्हाळा आणि दूरचीं मुलें

मुंबईहून निघालेली गाडी मनमाड मागें टाकून चाळीसगांवीं येते, तोंच वाऱ्याचा गुण पालटतो. येथून एक फांटा धुळ्यास जातो. मुख्य मार्ग पाचोऱ्यावरून जळगांवास. १९०६ सालीं एका खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें ठरलीं. पांझरेकांठचें धुळें हें इतिहासाचार्य राजवाड्यांच्या अखेरच्या दिवसांचें गांव. जळगांव केळीं, कापूस व सोनें यांच्या पेठेचें. दोहोंचा उन्हाळा मात्र एकच. वैशाखांत पारा ४५ अंशांस टेकतो आणि दुपारीं रस्ते ओस पडतात.

आमच्या मातुःश्री जळगांवच्या एका वृद्धाश्रमांत राहतात. आम्ही भावंडें पुण्यास व बंगळुरास. दुरून पैसे धाडतां येतात, डॉक्टरांशीं बोलतां येतें. पण तेथील हवा दूरध्वनींतून कळत नाहीं. "आई, कशी आहेस?" या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असतें: "बरी आहें रे, तूं आपली काळजी घे."

गेल्या चैत्रांत मी तेथें गेलों, तेव्हां परिचारिकाबाई म्हणाल्या, "उठून उभ्या राहिल्या कीं आजींना घेरी येते." रक्तदाबावरची लघवी वाढविणारी गोळी पुण्यास, ऐन थंडींत ठरलेली होती. उतारवयांत तहान मंदावते. उन्हानें घाम जातो, गोळीनें आणखी पाणी व क्षार जातात. रक्तदाब उतरून माणूस कोसळतो, आणि खुब्याचें हाड मोडलें कीं अंथरूण धरतो. जळगांवच्या डॉक्टरांनीं बसवून व उभें करून असा दोनदां रक्तदाब पाहिला आणि मात्रा कमी केली. अशी गोळी आपल्या मनानें मात्र कोणीं बंद करूं नये. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती द्यावें, हेंही डॉक्टरांनाच विचारावें.

तेव्हांपासून सर्व औषधें, त्यांच्या मात्रा आणि न सोसणारीं औषधें यांचा एकच कागद मातुःश्रींच्या उशाशीं असतो. त्याची प्रत धुळ्याच्या मामेभावाकडे आहे. पारोळा-एरंडोलवरून तो दोनेक तासांत पोंचतो. अडीअडचणीस त्याला बोलवावें, असें आश्रमास लेखी कळविलें आहे. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवासही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय झालें. उन्हांत अंग तापून म्हातारें माणूस बरळूं लागलें, तर सल्लामसलतींत वेळ न दवडतां त्यास रुग्णालयांत न्यावें, हें आश्रमांत सर्वांस ठाऊक असावें.

२००७ च्या कायद्यानें आईबापांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला. परंतु पाण्याचा तांब्या भरला कीं नाहीं, हें कायदा पाहत नाहीं. म्हणून आतां आमचे प्रश्न बदलले आहेत: "आज किती तांबे पाणी प्यालीस? उठतांना घेरी आली का?" यांवर मातुःश्रींस "बरी आहें" एवढेंच सांगून सुटतां येत नाहीं.

ज्यांचे वडीलधारे खानदेशांत आहेत, त्यांनीं होळी झाली कीं एक खेप अवश्य करावी आणि औषधांचा कागद तेथील डॉक्टरांपुढें ठेवावा. दिवाळीची भेट आनंदाची खरी. पण होळीनंतरची भेट अधिक उपयोगाची.