घाट, दार आणि निरोप

प्रवास जसजसा वेगाचा होत गेला तसतसें त्यापूर्वींचें ताटकळणें वाढत गेलें, असें आमचें मत कित्येक दिवसांपासून बनत चाललें होतें. सन २०२३ च्या मे महिन्यांत आत्याबाईंस मुंबईच्या विमानतळावर पोंचविण्याचा प्रसंग आला, आणि तें मत पक्कें झालें. आत्याबाईंचें वय अडुसष्ट. लेकीच्या बाळंतपणासाठीं अमेरिकेस निघालेल्या. विमानांत पाय ठेवण्याची ही पहिलीच वेळ.

विमान रात्रीं एक वाजतां सुटावयाचें होतें, आणि परदेशीं जाणारानें तीन तास आधीं हजर व्हावें असा शिरस्ता. पुण्याहून अंतर सुमारें दीडशें किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तासांची वाट. आम्ही दुपारीं चार वाजतांच निघालों आणि अडीच तास हाताशीं राहतील या समाधानांत होतों.

खंडाळ्याच्या घाटाची हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, तेथें गाडीरस्ता झाला. १८६३ सालीं आगगाडी घाट उतरूं लागली. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. परंतु आम्ही गेलों तेव्हां घाटाच्या एका टप्प्यांत हा मार्ग व जुना हमरस्ता एकत्र येत असत. दोन ओढ्यांचें पाणी एकाच पन्हळींत सोडावें, तसा तो प्रकार. त्यांतच मालमोटारी, उतारावर ब्रेक तापूं नयेत म्हणून, सावकाश उतरतात. आणि एक दुसरीस मागें टाकूं लागली म्हणजे मागील सर्वांचीच वाट अडते. दोष कोणा एकाचा नसतो. हाल मात्र सर्वांचे होतात. सात-आठ किलोमीटरांस आम्हांस तीन तास लागले. मुलें रडकुंडीस आलीं. आत्याबाई मात्र मांडीवरील डबा दोन्ही हातांनीं धरून स्वस्थ बसल्या होत्या.

डबा डिंकाच्या लाडवांचा. सुकें खोबरें तेलकट, पेट घेणारें, म्हणून विमानांत त्यास मनाई; सबब हे लाडू खोबऱ्यावांचून वळलेले. घरांतील वडील बायकांस ही गोष्ट अद्यापि मान्य नाहीं.

रात्रीं साडेदहास विमानतळ आला. १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा कराचीहून विमान घेऊन जुहूस उतरले, तेव्हां त्यांनीं टपाल आणलें होतें. टपालास निरोप द्यावा लागत नाहीं. माणसास द्यावा लागतो, याचा विसर या भव्य इमारतीस पडलेला दिसतो. आगगाडीच्या स्टेशनावर फलाटाचें तिकीट काढून गाडी हलेपर्यंत खिडकीशीं उभें राहतां येतें. येथें ज्याच्यापाशीं प्रवासाचें तिकीट, तोच आंत. आणि दारापाशीं मोटार क्षणभराहून अधिक थांबवूं देत नाहींत. लाडू फुटूं नयेत म्हणून बाहेर ठेवलेला डबा घाईघाईनें पेटींत घातला. मुलांनीं पायांस हात लावला न लावला तोंच पहारेकऱ्याची शिट्टी झाली. आत्याबाईंनीं एकवार मागें वळून पाहिलें, आणि कांच मध्यें आली.

अर्ध्या तासानें त्यांचा फोन आला. पेटीस तेवीस किलोंची मर्यादा. घरीं वजन बरोबर भरलें होतें, डब्यानें तें दोन किलोंनीं वाढलें. आम्ही बाहेर, त्या आंत; हात देण्याचा उपाय नव्हता. "डबा काढून टाका," असें आम्ही म्हणालों. त्यावर त्या म्हणाल्या, "डबा नाहीं काढला. शाल आणि लोकरीचा कोट काढून अंगावर घातला. थंडी अमेरिकेंत वाजायची ती वाजो, घाम इथें सुटला आहे!" अनोळखी लोकांदेखत पेटी उघडून, मे महिन्यांत लोकर पांघरून उभी असलेली ती वृद्ध स्त्री आमच्या डोळ्यांपुढें आली, आणि आम्हांस हंसूंही येईना.

विमान वेळेवर सुटलें. परततांना आम्हांस कळून चुकलें कीं, अशा प्रवासास वेळ धरावा तो नेहमींचा नव्हे, वाईटांत वाईट दिवसाचा. आणि सामान तोलावें तें शेवटच्या डब्यासकट. परंतु याहून मोठी गोष्ट निरोपाची. तो विमानतळावर सांपडत नाहीं. हातावर दहीं घालावयाचें, नमस्कार करावयाचा, डोळे पुसावयाचे, तें सर्व घरच्या उंबरठ्यावर निवांतपणें उरकावें. पुढें आहे तें केवळ पोंचविणें.

लाडू मात्र एकही न फुटतां पोंचले.